हरणाला धडक बसली, पुढे काय?

नागपूर, प्रतिनिधी

रात्रीचे साडेदहा-अकरा वाजलेले असतात. दोन्ही बाजूंना जंगल, मधून गुळगुळीत डांबरी रस्ता आणि समोरून येणाऱ्या वाहनांची वर्दळ तुरळक. रस्ता मोकळा दिसला की वेग आपोआप वाढतो. तेवढ्यात डावीकडच्या झुडपातून एक चितळ झेप घेते आणि दिव्यांच्या झोतात जागच्या जागी थिजून उभे राहते. ब्रेक लागतो, पण उशिरा. बॉनेट चेपते, एक दिवा फुटतो आणि चितळ रस्त्याच्या कडेला पाय झाडत पडलेले असते. गाडीतल्या कोणाला फारसे लागलेले नसते. अशा वेळी मागच्या सीटवरून हमखास एक वाक्य येते, "थांबू नकोस, चल. वनखात्याचे लफडे नको."

विदर्भातल्या कोणत्याही जंगलरस्त्यावर घडू शकणारा हा प्रसंग आहे. पेंच, ताडोबा, नवेगाव-नागझिरा, बोर, मेळघाट या व्याघ्र प्रकल्पांच्या आसपासचे महामार्ग आणि त्यांना जोडणारे राज्यमार्ग यांवर चितळ, सांबर, नीलगाय आणि रानडुक्कर आडवे येणे ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. नवल याचे, की अशी धडक झाल्यावर नेमके काय करायचे हे ना वाहन चालवायला शिकवणाऱ्या शाळेत सांगितले जाते, ना रस्त्यावरच्या फलकांवर लिहिलेले असते. 'सावधान, वन्यप्राणी क्षेत्र' एवढे सांगून फलक मोकळा होतो. सावधगिरी चुकल्यानंतरचे काहीच त्यावर नसते. ही माहिती नसल्यानेच चालक पळतो, जखमी जनावर तडफडत राहते आणि अपघाताची नोंदही राहत नाही.

नावाचा वाघ, बिननावाचे चितळ

रस्त्यावर वाघ मेला की बातमी होते. डिसेंबर २०१७ मध्ये बोर परिसरातला 'बाजीराव' हा वाघ नागपूर-अमरावती महामार्गावर वाहनाच्या धडकेने मेला, तेव्हा राज्यभर हळहळ व्यक्त झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये गोंदिया-कोहमारा मार्गावर मुरदोलीच्या जंगलात मोटारीच्या धडकेने एक तरुण वाघ जखमी झाला. उपचारासाठी नागपूरला आणत असताना वाटेतच त्याने प्राण सोडला. जखमी अवस्थेत रस्त्यावरून सरपटत जाणाऱ्या त्या वाघाची चित्रफीत देशभर पाहिली गेली.

चितळाला मात्र नाव नसते. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर नसते आणि त्याची छायाचित्रे काढायला पर्यटकांची रांग लागत नाही. सकाळी कोणी गुराखी किंवा वनरक्षक पाहतो, पंचनामा होतो आणि विषय संपतो. कित्येकदा पंचनाम्यापूर्वीच मांस गायब झालेले असते. ज्या चितळ-सांबरांवर वाघ जगतो, त्यांच्या अशा मृत्यूंचा नीट हिशेब लागत नाही, ही या प्रश्नातली सर्वांत मोठी त्रुटी आहे.

कायदा काय म्हणतो?

चालकाला सर्वाधिक धास्ती असते ती वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ ची. ती अगदीच निराधार नाही. या कायद्यातील 'शिकार' या शब्दाची व्याख्या व्यापक आहे. प्राण्याला ठार मारणे, जखमी करणे, त्याच्या शरीराचा कोणताही भाग काढून घेणे, हे सारे तिच्यात येते. कलम ९ अशा शिकारीला मनाई करते. २०२२ च्या दुरुस्तीने दंडाच्या रकमाही वाढल्या. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. सर्वसाधारण गुन्ह्यासाठी पूर्वी २५ हजार रुपयांपर्यंत असलेला दंड आता एक लाखापर्यंत जाऊ शकतो. कमाल तीन वर्षांच्या कैदेची तरतूद आधीपासूनच आहे. सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या बाबतीत शिक्षा किमान तीन आणि कमाल सात वर्षे आहे. वाघ-बिबट्याच्या मृत्यूनंतर वाहन ताब्यात घेऊन गुन्हा नोंदवल्याची उदाहरणे विदर्भात आहेत.

मात्र याच कायद्याचे कलम ३९ सहसा कोणी वाचत नाही. मृतावस्थेत सापडलेला किंवा चुकून मारला गेलेला वन्यप्राणी ही सरकारची मालमत्ता होय, असे ते सांगते. वन्यप्राण्याचा मृत्यू चुकीनेही होऊ शकतो, हे कायदा करणाऱ्यांनी गृहीत धरले होते, असा याचा अर्थ. अशी मालमत्ता ज्याच्या ताब्यात येईल त्याने ४८ तासांच्या आत जवळचे पोलिस ठाणे किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याकडे कळवावे, असे हेच कलम बजावते. ती परवानगीशिवाय जवळ बाळगणे, दुसऱ्याला देणे किंवा नष्ट करणे, याला ते मनाई करते. मेलेले चितळ डिकीत टाकून घरी नेणे किंवा ढाब्यावर देणे हा गुन्हा ठरतो तो यामुळे. शिंगे 'आठवण म्हणून' काढून घेणेही त्यातच मोडते. केवळ अपघात असलेली घटना या एका कृत्याने शिकारीच्या रांगेत जाऊन बसते.

तरीही एक पोकळी उरतेच. धडक देणाऱ्या चालकाने प्राण्याला हातही लावला नाही, तर त्याने नेमके काय करावे, हे कायदा स्वच्छ शब्दांत सांगत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मध्ये अपघातानंतरची चालकाची कर्तव्ये दिली आहेत. पण ती माणसाला इजा झाल्यास किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाल्यास लागू होतात. जखमी वन्यप्राण्याचा उल्लेख तिथे नाही. बेदरकारपणे वाहन चालवल्याबद्दल भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ लागू शकते, पण त्यासाठी बेदरकारपणा दाखवावा लागतो. थोडक्यात, वेगमर्यादेत गाडी चालवणारा आणि स्वतःहून कळवणारा चालक, आणि ताशी १४० च्या वेगाने जनावर उडवून पसार झालेला चालक, यांच्यात फरक करणारी स्पष्ट रेषा कायद्याच्या पुस्तकात नाही. ती प्रत्यक्ष चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या विवेकावर सोडलेली आहे. सामान्य माणसाला भीती वाटते ती नेमकी या अनिश्चिततेची.

धडकेनंतरची पहिली १० मिनिटे

कायद्याचा कीस काढण्याआधी जीव वाचवणे महत्त्वाचे. त्यात क्रम आहे तो असा. गाडी शक्य तितकी डावीकडे, रस्त्याच्या बाहेर घ्यावी. धोक्याचे चारही दिवे लावावेत. गाडीसोबत मिळालेला परावर्तक त्रिकोण मागे साधारण ५० मीटर अंतरावर ठेवावा. द्रुतगती मार्गावर प्रवाशांनी गाडीत किंवा गाडीमागे उभे न राहता कठड्याच्या पलीकडे जावे. अशा अपघातांत पहिल्या धडकेपेक्षा मागून येणाऱ्या ट्रकची दुसरी धडक अनेकदा अधिक घातक ठरते.

माणसाला लागले असेल तर १०८ वर रुग्णवाहिका आणि ११२ वर पोलिस. रस्ते अपघातातील जखमींसाठी केंद्राने मे २०२५ मध्ये अधिसूचित केलेल्या योजनेनुसार अपघातानंतरचे सात दिवस, प्रति जखमी दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळू शकतात. दुचाकीस्वारांच्या दृष्टीने ही माहिती विशेष महत्त्वाची. मोटारीचे बॉनेट चेपते, दुचाकीस्वाराचे मात्र डोके फुटते. पूर्ण वाढ झालेला नर सांबर किंवा नीलगाय २०० किलोंहून अधिक वजनाची असू शकते. तिचे पाय लांब असल्याने मोटारीचा पुढचा भाग पायांवर आदळतो आणि सारे धड थेट काचेवर येते. विदर्भात जिला 'रोही' म्हणतात ती ही नीलगाय प्राणिशास्त्राच्या दृष्टीने हरिण नव्हे, पण रस्त्यावरच्या चालकाला या भेदाचा काही उपयोग नाही.

यानंतर वनविभाग. महाराष्ट्र वनविभागाची मदतवाहिनी १९२६ या क्रमांकावर आहे. राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३ वर कळवल्यास गस्तीचे वाहन येते आणि रस्ता मोकळा करण्याची व्यवस्था होते. फोन करताना किलोमीटरचा दगड, जवळचे गाव किंवा टोल नाका सांगावा. मोबाइलवरून अचूक ठिकाण पाठवता आले तर उत्तमच. प्राणी जिवंत आहे की मेलेला, उठून जंगलात गेला असेल तर कोणत्या दिशेने, हेही सांगावे. पाय मोडलेले चितळ पन्नास-शंभर मीटरवर झुडपात जाऊन पडते. दिशा कळली नाही तर त्याचा शोध लागत नाही.

हात लावण्याचा मोह टाळावा

जखमी हरणाभोवती गर्दी जमते. कोणी पाणी पाजतो, कोणी उचलून बसवण्याचा प्रयत्न करतो, कोणी सोबत छायाचित्र काढतो. हेतू चांगला असला तरी परिणाम उलटा होतो. हरीणवर्गीय प्राणी भित्रे असतात. माणसाचा स्पर्श, आवाज आणि प्रकाशाचे झोत यांनी त्यांच्यावर इतका ताण येतो, की बाहेरून फारशी जखम नसलेला प्राणीही त्या धक्क्याने दगावू शकतो. आडव्या पडलेल्या जनावराच्या तोंडात पाणी ओतले तर ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. शिवाय शिंगाचा एक फटकारा किंवा खुराची एक लाथ मदत करणाऱ्यालाच रुग्णालयात पोहोचवू शकते.

म्हणून करायचे ते एवढेच. अंतर ठेवावे, आवाज कमी करावा, प्रखर दिवे प्राण्याच्या डोळ्यांवर रोखू नयेत, कुत्री आणि बघे दूर ठेवावेत आणि मागून येणाऱ्या वाहनांना इशारा द्यावा. पुढचे काम प्रशिक्षित पथकाचे. नागपुरात सेमिनरी हिल्स येथे वनविभागाचे ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे आणि जखमी वन्यप्राण्यांवर तेथे उपचार होतात. प्राणी मेलेला असेल तर वनकर्मचारी पंचनामा करतात, पशुवैद्यकीय अधिकारी शवविच्छेदन करतात आणि अधिकाऱ्यांसमक्ष विल्हेवाट लावली जाते. चालकाचा जबाब घेतला जातो. आपण कोणत्या वेगात होतो, प्राणी कुठून आला, ब्रेकच्या खुणा कुठे आहेत, हे सांगणे आणि त्यांची छायाचित्रे काढून ठेवणे चालकाच्याच हिताचे असते.

विम्याचा हिशेब

चेपलेल्या बॉनेटचा खर्च कोण देणार, हा पुढचा प्रश्न. कायद्याने सक्तीचा असलेला त्रयस्थ विमा स्वतःच्या गाडीचे नुकसान भरून देत नाही. त्यासाठी सर्वसमावेशक विमा किंवा स्वतंत्र 'ओन डॅमेज' विमा लागतो. बाह्य कारणाने झालेला अपघात म्हणून प्राण्याची धडक त्यात बसते. त्यातही घट असतेच. मोटार विम्याच्या प्रचलित नियमांनुसार प्लास्टिक व रबराच्या सुट्या भागांच्या किमतीतून घसाऱ्यापोटी निम्मी रक्कम वजा होते. आजच्या मोटारींचे बंपर प्लास्टिकचेच असल्याने 'शून्य घसारा' पर्याय न घेतलेल्या ग्राहकाच्या खिशाला चाट बसते. दावा केला की 'नो क्लेम बोनस' जातो, हेही लक्षात ठेवावे. हा बोनस पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत गेलेला असतो. नुकसान किरकोळ असेल तर दावा न करणे फायद्याचे ठरू शकते.

पळून जाणाऱ्या चालकाला ठाऊक नसलेली आणखी एक अट विमापत्रात असते. अपघातानंतर आवश्यक दुरुस्ती न करता गाडी चालवली आणि त्यामुळे नुकसान वाढले, तर त्या वाढीव नुकसानीची जबाबदारी गाडीमालकाची. हरणाच्या धडकेत रेडिएटर फुटणे ही सामान्य बाब आहे. थंड ठेवणारे द्रव गळत असताना 'निदान जंगल तरी ओलांडू' म्हणून २० किलोमीटर गाडी दामटली की इंजिन जळते. काही हजारांचे काम काही लाखांवर जाते आणि ते पैसे विमा कंपनी देत नाही. गाडीखाली ओल दिसते का, तापमानाचा काटा चढतो का, बॉनेटची कडी शाबूत आहे का, दोन्ही दिवे लागतात का, हे पाहिल्याशिवाय हलू नये. विमा कंपनीला त्याच रात्री कळवावे आणि सर्वेक्षक येईपर्यंत गाडीची दुरुस्ती सुरू करू नये.

परदेशातला धडा

हरणांच्या धडका ही केवळ भारतातील समस्या नाही. अमेरिकेत ऑक्टोबर ते डिसेंबर हा हरणांच्या मिलनाचा हंगाम अशा अपघातांचा हंगाम मानला जातो. न्यूजर्सी-पेन्सिल्व्हेनियात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना तो चांगलाच परिचयाचा आहे. तिथे हरणाला बसलेली धडक 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' विम्यात येते. मात्र हरिण चुकवताना गाडी झाडावर आदळली तर ती 'कोलिजन' विम्याची बाब ठरते. हरिण आले तरी स्टिअरिंग झटकन वळवू नका, आपल्या मार्गिकेत राहून ब्रेक दाबा, असा सल्ला तेथे दिला जातो तो मुख्यतः जीव वाचावा म्हणून. पेन्सिल्व्हेनियात धडकेत मेलेले हरिण २४ तासांत कळवून घरी नेता येते. भारतात तसे करणारा तुरुंगात जाऊ शकतो.

जर्मनीतली पद्धत अधिक बोधप्रद आहे. तिथे अशा अपघातानंतर पोलिसांना कळवले जाते. त्या क्षेत्राची जबाबदारी असलेला शिकारी येतो, जखमी प्राण्याचा शोध घेतो आणि चालकाला अपघाताचा दाखला देतो. विमा कंपनीकडे तो दाखला चालतो. मेलेले जनावर गाडीत टाकणे मात्र तिथेही चोरटी शिकार ठरते. प्रामाणिकपणे कळवणाऱ्याला दाखला मिळतो आणि त्याच दाखल्यावर पैसे मिळतात. नोंद करण्यात चालकाचा स्वार्थ गुंतवण्याची ही युक्ती साधी आणि परिणामकारक आहे.

नोंद का हवी?

अपघाताची नोंद झाली नाही तर बिघडले कुठे, असे वाटू शकते. त्याचे उत्तर पेंचमध्ये मिळते. नागपूर-सिवनी दरम्यानचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४, म्हणजे पूर्वीचा क्रमांक ७, चौपदरी करण्याचा वाद वर्षानुवर्षे न्यायालयांत चालला. त्यातून महाराष्ट्राच्या हद्दीत वन्यप्राण्यांसाठी पाच भुयारी मार्ग आणि चार लहान पूल अशा नऊ रचना उभ्या राहिल्या. त्यातील सर्वांत लांब रचना ७५० मीटरची आहे. भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९ मध्ये तेथे कॅमेरे लावून पाहणी केली. १८ जातींचे वन्यप्राणी या रचनांखालून ये-जा करताना दिसले. त्यात ११ वेगवेगळे वाघ होते आणि चितळांची संख्या मोठी होती. प्राण्यांना वाट दिली तर ते ती वापरतात, हे तिथे सिद्ध झाले.

पण अशा रचना कुठे हव्यात हे ठरवण्यासाठी प्राणी नेमके कुठे मरतात हे माहीत असावे लागते. ती माहिती पोलिसांच्या डायरीत थोडी, वनविभागाच्या पंचनाम्यात थोडी आणि महामार्गाच्या गस्ती पथकाकडे थोडी, अशी विखुरलेली राहिली तर नकाशा तयार होत नाही. राज्यमार्ग आणि जिल्हा मार्गांवर तर गस्तीचे वाहनही नसते. पळून गेलेला प्रत्येक चालक या नकाशावरचा एक ठिपका सोबत घेऊन जातो.

भुयारी मार्ग खर्चिक असतात, त्यांना वेळ लागतो. वेगाला लगाम मात्र लगेच घालता येतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात २८ मीटर अंतर कापते. चालकाच्या लक्षात येऊन ब्रेक लागून गाडी पूर्ण थांबेपर्यंत कोरड्या रस्त्यावरही सुमारे ८० मीटर लागतात. खाली केलेल्या दिव्यांत दिसते जेमतेम ५०-६० मीटर. म्हणजे हरिण दिसले तेव्हाच धडक निश्चित झालेली असते. ताशी ६० ला हेच अंतर ४० मीटरच्या आत येते. कर्नाटकात बंडीपूरमधून जाणाऱ्या महामार्गांवर २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ वाहतूक बंदी आहे. विदर्भातल्या वर्दळीच्या मार्गांवर ती शक्य नसली, तरी जंगलाच्या पट्ट्यात शिरताना आणि बाहेर पडताना वेळ नोंदवून सरासरी वेग तपासणे अशक्य नाही. आणि एक चितळ रस्ता ओलांडताना दिसले की त्यामागे कळप असणार, हे प्रत्येक चालकाने पक्के लक्षात ठेवावे. पहिले हरिण वाचवून वेग वाढवणारा चालक दुसऱ्याला धडकतो.

वनविभाग, पोलिस आणि परिवहन विभाग यांनी एकत्र बसून एक पानाची कार्यपद्धती जाहीर करणे ही आजची गरज आहे. धडक झाल्यावर कोणाला कळवायचे, कळवणाऱ्या चालकाला कोणता लेखी दाखला मिळेल, वाहन कोणत्या परिस्थितीत ताब्यात घेतले जाईल आणि कोणत्या परिस्थितीत नाही, एवढे त्यात असले तरी पुरे. ते पान टोल नाक्यावर आणि जंगलाच्या वेशीवर लावता येईल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, कोट्यवधींचा निधीही लागत नाही. मागच्या सीटवरून येणाऱ्या "थांबू नकोस, चल" या सल्ल्याला चालकाजवळ तेव्हाच उत्तर असेल. तोवर चितळाच्या मृत्यूची खबर पहाटे घिरट्या घालणाऱ्या कावळ्यांकडूनच मिळत राहील.